आईच्या पायांतला जोर गेलाय. कॅल्शियमची गोळी वाढवून परत येईल का?

शेवंती | १४ सप्टेंबर, रात्री १०.४०

नमस्कार. आम्ही ठाणे पूर्वेला, कोपरीत राहतो. आई ६७ वर्षांची. जुलैत इमारतीच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली आणि उजवा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर, बहुतेक वेळ पलंगावरच. प्लास्टर निघालं, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, आम्ही पेढे वाटले. खरी पंचाईत नंतर कळली. खुर्चीतून उठताना तिला कोणीतरी हात द्यावा लागतो. मोडला होता उजवा पाय, पण आता डावाही लटलटतो. तिची मांडी चेपताना माझ्या हाताला जे लागतं ते आधीच्या निम्मंही नाही, आणि मला रडू येतं.

तिचा आहार सांगते. दुपारी दीड पोळी, भाजी, वरण-भात. रात्री दूध-भात. गुरुवार आणि चतुर्थीचा उपास. अंडं, मासे कधीच नाहीत.

डॉक्टरांनी हाडासाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलंय. शेजारच्या काकू म्हणतात, एकाच्या दोन गोळ्या करा, पायात जोर येईल. भाऊ म्हणतो प्रोटीन पावडर आण. मला औषध विचारायचं नाहीये, ते डॉक्टरांनाच विचारीन. मला समजून घ्यायचंय. कॅल्शियम स्नायूतही जातं का? आणि गेलेला स्नायू परत येतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

पारसिक_बोगदा | १४ सप्टेंबर, रात्री ११.०५

वाचतेय. सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं, फक्त निमित्त डेंग्यूचं. दहा दिवस अंथरूण आणि पुढे दोन महिने जिना नको.

येऊरवाला | १५ सप्टेंबर, सकाळी ६.२०

ताई, काकू अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मुलाला बारावीचं जीवशास्त्र शिकवताना मी हे नीट वाचलंय. स्नायू आकसतो तो कॅल्शियममुळेच. सिडनी रिंगरने बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं होतं की पाण्यात कॅल्शियम नसेल तर हृदय थांबतं. मग ज्याच्यामुळे स्नायू हलतो ते जास्त दिल्यावर जोर वाढायलाच हवा. मी ५८ वर्षांचा आहे, रोज पहाटे येऊरचा चढ आणि दोन पेले दूध. अजून दम लागत नाही.

शास्त्राची_बाई | १५ सप्टेंबर, दुपारी १.१५

येऊरवाला, रिंगरची आठवण काढलीत, मला फार आनंद झाला. नेरुळला तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि ही गोष्ट दरवर्षी सांगितली. साल १८८३, गाव लंडन. रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवत आणि ते छान धडधडत राही. मग लक्षात आलं की मदतनिसाने द्रावणासाठी शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी घेतलं होतं. शुद्ध पाण्यात केल्यावर हृदय थांबलं. नळाच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम ठोके चालवत होतं. दवाखान्यात सलाइनची 'आरएल' बाटली लावतात ना, रिंगर लॅक्टेट, तिच्यातला रिंगर तो हाच.

पण मेख अशी की ते हृदय होतं. हृदयाच्या स्नायूला प्रत्येक ठोक्याला बाहेरून थोडं कॅल्शियम आत घ्यावं लागतं, त्याशिवाय आतला साठा उघडत नाही. मांडीच्या स्नायूचं तसं नाही. त्याच्या प्रत्येक तंतूत जाळीसारख्या पिशव्या असतात, कॅल्शियमने भरलेल्या. मेंदूचा निरोप आला की तंतूच्या पडद्यावरून विजेची लाट धावते. पडद्यातलं एक प्रथिन हलतं आणि त्याला लागून असलेलं पिशवीच्या दारावरचं प्रथिन, रायनोडिन रिसेप्टर, उघडतं. कॅल्शियम बाहेर सांडतं. एरवी तंतूच्या आत ते रक्तातल्या मानाने सुमारे दहा हजार पट कमी असतं, म्हणून जरासं सुटलं तरी निरोप खणखणीत ऐकू येतो.

निरोप ऐकतं ट्रोपोनिन. जपानच्या सेत्सुरो एबाशींनी १९६०च्या दशकात शोधलेलं प्रथिन. छातीत दुखल्यावर रक्तात ट्रोपोनिन तपासतात ते तुम्हाला माहीत असेल. ते हृदयाच्या स्नायूतलं, हे त्याचं मांडीतलं भावंड. ट्रोपोनिनला कॅल्शियम चिकटलं की ते ट्रोपोमायोसिन नावाची दोरी बाजूला सारतं. त्या दोरीखाली अ‍ॅक्टिन प्रथिनाच्या धाग्यावरच्या जागा झाकलेल्या असतात. जागा मोकळ्या झाल्या की शेजारच्या मायोसिन प्रथिनाच्या धाग्याची डोकी तिथे धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली दोन वेगवेगळ्या जोड्यांनी हे एकाच वेळी मांडलं आणि गंमत म्हणजे दोन्ही जोड्यांत एकेक हक्सली होता, एकमेकांचे नातेवाईक नसलेले.

मग कॅल्शियमचं काय होतं? खर्च होत नाही! पिशवीवरचे पंप ते पुन्हा आत ओढतात आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा जाळतात. तेच कॅल्शियम पुन्हा पुन्हा वापरलं जातं.

शेवंती, तुम्ही ठाण्याच्या आहात म्हणून असं सांगते. कॅल्शियम म्हणजे सिग्नल. सिग्नल हिरवा झाल्याशिवाय लोकल हलत नाही हे खरं. पण हिरवे दिवे वाढवून नऊ डब्यांची गाडी पंधरा डब्यांची होत नाही. डबे प्रथिनांचे आहेत. आईंचे डबे कमी झालेत.

दहीकाला | १५ सप्टेंबर, दुपारी १.४०

बाई, अशा शिकवल्या असत्यात तर मी बारावीला जीवशास्त्र सोडलं नसतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्यानेच वाचलं, तुर्भे कधी गेलं कळलं नाही.

येऊरवाला | १५ सप्टेंबर, संध्या. ७.३०

सिग्नलचं पटलं. हृदय आणि मांडीतला फरक मला माहीत नव्हता, मान्य. पण मग कॅल्शियम कमी झालं की पायात गोळे येतात ते का? म्हणजे कमी पडलं तर त्रास आहेच ना?

शास्त्राची_बाई | १५ सप्टेंबर, रात्री ९.००

प्रश्न चांगला आहे. रक्तातलं कॅल्शियम खरोखर घसरलं तर स्नायू ढिले पडत नाहीत, उलट आवळतात. नसांच्या पडद्यावरचं कॅल्शियम त्यांना शांत ठेवतं. ते उतरलं की नसा विनाकारण पेटतात. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, हात आपोआप वळणं. हे वेगळंच दुखणं आहे. रात्री पोटरीत येणारा नेहमीचा गोळा बहुतेक वेळा कॅल्शियमचा नसतो.

आणि शरीर ती पातळी सहसा घसरू देत नाही. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी आहेत, त्या रक्तातलं कॅल्शियम दर १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात धरून ठेवतात. कमी पडलं की हाडातून काढतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत आहे, तोच आपला बँकेतला ठेवा. म्हणून आईंची गोळी हाडासाठी हवीच. ती बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. दुसरी गोळी मांडीत जाणार नाही एवढंच.

ड जीवनसत्त्वाचं मात्र वेगळं. ते फार कमी असेल तर कंबर आणि मांडीचे स्नायू खरोखर दुबळे होतात, खुर्चीतून उठवत नाही. ते तपासून घेतलंय का?

शेवंती | १५ सप्टेंबर, रात्री १०.१०

हो बाई, तपासलं होतं, कमी होतं. आठवड्याला एक पुडी चालू आहे.

मांदेली | १६ सप्टेंबर, सकाळी ९.१५

पुडीचा विषय निघाला म्हणून पोटतिडकीने सांगते. माझ्या वडिलांना ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा सांगितली होती. चिठ्ठीवरचं अक्षर आम्हाला लागलं नाही, दुकानातही कोणी समजावलं नाही, ते रोज एक घेत राहिले. वर कॅल्शियमच्या गोळ्या. दोन महिन्यांनी भूक गेली, पोट साफ होईना, सारखी लघवी, आणि बसल्या जागेवरून उठवेना. आम्हाला वाटलं अशक्तपणा, म्हणून गोळी वाढवली! रक्त तपासलं तर कॅल्शियम १३ च्या वर, मूत्रपिंडावर ताण. दवाखान्यात दाखल करावं लागलं. काकूंना हे जरूर सांगा. जास्त कॅल्शियमनेसुद्धा अंग गळतं. 'एकाच्या दोन' हे शब्द ऐकले की मला अजून धडकी भरते.

खारघरचा_पायथा | १६ सप्टेंबर, सकाळी ११.५०

थोडं अवांतर. रविवारी मित्रांबरोबर खारघरच्या टेकडीवर गेलो. चढताना दमलो, उतरताना काहीच नाही. सोमवारी ठीक. मंगळवारी मात्र स्टेशनचा जिना उतरताना रेलिंग धरून एकेक पायरी. जिममधला ट्रेनर म्हणतो लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, मालिश करून काढ. खरं का?

पायरी_पायरीने | १६ सप्टेंबर, दुपारी ३.३०

अवांतर नाही, हाच शेवंतीताईंच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. मी फिजिओथेरपिस्ट, वाशीत काम करते.

लॅक्टेट, म्हणजे तुमचा ट्रेनर ज्याला लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतो ते, व्यायाम थांबल्यावर तासाभरात, फार तर दोन तासांत निघून जातं. मंगळवारपर्यंत ते थांबत नाही. तुम्हाला दुखलं ते उतरल्यामुळे. चढताना मांडीचा स्नायू आकसत काम करतो. उतरताना तो ताणला जात असताना भार पेलतो, ब्रेक लावल्यासारखा, आणि त्यात तंतूंना बारीक इजा होते. पडद्याला सूक्ष्म भोकं पडतात.

इथे कॅल्शियमचं दुसरं रूप दिसतं. भोकातून बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि तीच धोक्याची घंटा ठरते. डिसफर्लिन नावाचं प्रथिन ती ऐकून पेशीतल्या छोट्या छोट्या पुटकुळ्यांना भोकाकडे नेतं, त्या पडद्याला चिकटून ठिगळ लावतात. हे काही क्षणांत घडतं. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतः सदोष असतं त्यांचे स्नायू तरुणपणी झिजू लागतात, इतकं त्या ठिगळाचं महत्त्व. पण कॅल्शियम जास्त वेळ आत राहिलं तर कॅल्पेन नावाची कात्री चालू होते आणि ती प्रथिनं कापायला लागते. थोडं कापणं चांगलं, मोडकं सामान निघतं. जास्त झालं तर नुकसान.

मग डागडुजी. प्रत्येक तंतूच्या कडेला झोपलेल्या पेशी असतात, सॅटेलाइट पेशी. अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, काही जुन्या तंतूत मिसळतात, काही पुढच्या वेळेसाठी पुन्हा झोपतात. म्हणून खारघरकर, दोन आठवड्यांनी तीच टेकडी पुन्हा उतरा, दुखणं निश्चित कमी असेल. मालिशने बरं वाटेल, जरूर करा, पण काढायला आत काही साठलेलं नाही.

ऐरोलीचा_बाबा | १६ सप्टेंबर, रात्री ११.२०

मी इथे फक्त वाचत असतो, आज लिहावंसं वाटलं. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. पाच वर्षांचा असताना जमिनीवरून उठताना तो स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर यायचा. आम्ही हसायचो, म्हातारा झालास म्हणायचो. पोटऱ्या जाडजूड दिसायच्या, पैलवान होणार असं आजी म्हणायची. निदान झालं डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी.

डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन त्याच्या स्नायूत बनत नाही. १९८७ साली ते ओळखलं गेलं. तंतूच्या आतला सांगाडा आणि बाहेरचा पडदा यांना बांधून ठेवणारा तो धक्के सोसणारा दुवा. तो नसला की प्रत्येक आकसण्यात पडदा फाटतो, कॅल्शियम आत शिरतं, कात्री चालत राहते. वर ताईंनी लिहिलेली डागडुजी त्याच्याही शरीरात चालू आहे, रात्रंदिवस. फक्त मोडतोड तिच्या पुढे आहे. शेवटी स्नायूच्या जागी चरबी आणि व्रणाची ऊती भरते. जाड पोटऱ्या त्याच होत्या.

लोक प्रेमाने प्रोटीन पावडरचे डबे आणून देतात. त्यांना कसं सांगू की विटा आहेत, नकाशाच्या एका पानावरची ओळ पुसली गेलीय. शाळेला वर्ग तळमजल्यावर घ्या म्हणून दोन वर्षं विनंती केली, शेवटी शाळा बदलली. नव्या शाळेत तो बुद्धिबळात पहिला आला.

शेवंतीताई, तुमच्या आईच्या स्नायूत नकाशा शाबूत आहे. वाढण्याचा निरोप दिला तर तो पाळला जाईल. हे किती मोठं आहे ते मला माहीत आहे.

शास्त्राची_बाई | १७ सप्टेंबर, सकाळी ७.००

ऐरोलीचे बाबा, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. तुमच्या मुलाला माझा आशीर्वाद. पान पुसल्याचं तुम्ही जितकं नेमकं लिहिलंत तितकं मला वर्गात कधी सांगता आलं नाही. डिस्ट्रोफिनचा जनुक माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी आहे, म्हणून त्यात चूक व्हायला जागाही फार.

दहीकाला | १७ सप्टेंबर, सकाळी ९.४५

बाबा, ऐरोलीत माझंही घर आहे. मुलाला बुद्धिबळाला जोडीदार हवा असेल तर माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिला हरायला आवडत नाही. निरोप पाठवला आहे.

पारसिक_बोगदा | १७ सप्टेंबर, दुपारी १२.३०

आता जेवणाकडे वळू या का? प्रोटीन किती हवं? आमच्याकडेही 'वरण खातो की' एवढ्यावर विषय संपतो.

पायरी_पायरीने | १७ सप्टेंबर, दुपारी २.१०

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. वय झालेल्यांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, कारण म्हातारपणी स्नायूला निरोप मोठ्याने द्यावा लागतो. आईंचं वजन ५० किलो धरलं तर ५० ते ६० ग्रॅम.

आता ताटात बघा. अर्धी मूठ डाळ, साधारण २५ ग्रॅम, म्हणजे ६ ग्रॅम प्रोटीन. पातळ वरणाच्या वाटीत तेवढीही डाळ नसते. पेलाभर दूध ६-७ ग्रॅम. दीड पोळी ४-५. दिवसाकाठी जेमतेम तिशी गाठली जाते. उपासाच्या दिवशी तर साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रोटीन जवळजवळ नाहीच. त्या दिवशी जे काही मिळतं ते शेंगदाण्याच्या कुटातून.

पण मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

मांदेली | १७ सप्टेंबर, दुपारी ४.००

आमच्या दिवाळे गावात विचाराल तर सुकट, मांदेली. काट्यासकट खाल्ली की कॅल्शियम आणि प्रोटीन एकदम. पण तुमच्या आईंना चालत नाही तर कुळथाचं पिठलं, मटकीची उसळ, चवळी, घट्ट दही, पनीर. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ. नाचणीत १०० ग्रॅमला सव्वातीनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, त्यात भाकरी चविष्ट.

येऊरवाला | १७ सप्टेंबर, संध्या. ६.४५

पावडरची गरज नाही, घरचं अन्नच खरं, या मताचा मी. आणि रोज चालायला न्या. मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारल्या की पाय आपोआप मजबूत होतात.

पायरी_पायरीने | १७ सप्टेंबर, रात्री ८.२०

दोन्हींवर थोडी असहमत. भूक फार कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला चमचाभर पावडर दुधात घालून दिली तर मी नाही म्हणत नाही. ती बहुतेक वेळा दूध नासल्यावर उरणाऱ्या पाण्यापासूनच काढलेली असते, औषध नव्हे आणि विषही नव्हे.

आणि चालणं. काका, तुमचा रोजचा चढ स्नायू कॅल्शियमच्याच भाषेत नोंदवतो. बराच वेळ, हलके हलके येत राहणारे कॅल्शियमचे निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतात आणि स्नायू दमदार, लवकर न थकणारा बनतो. म्हणून तुम्हाला दम लागत नाही. पण खुर्चीतून उठायला जोर लागतो आणि जोर भाराने येतो. शेवंतीताई, आईंना भिंतीला टेकवलेल्या, हात असलेल्या उंच खुर्चीतून उठा-बस करू द्या. पाचदा, दिवसातून तीनदा. खाली बसताना सावकाश, तोच उतार आहे, तिथेच जास्त फायदा. आधी हाताचा आधार, मग एका हाताचा, मग बिनहाताचं, मग खुर्ची जरा बुटकी. तुमच्या फिजिओला दाखवून सुरू करा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल तो स्नायू वाढल्याचा नसेल. नसा पुन्हा जास्त तंतूंना हाक द्यायला शिकतात, तो असेल. मांडी भरायला महिने लागतात. भार पडल्यावर आणि प्रोटीन मिळाल्यावर पेशीतली प्रथिनं विणायची यंत्रणा चालू होते. दोन्ही एकत्र मिळाली की चांगली चालते. नुसतं खाऊन पलंगावर पडून राहिलं तर विणकर बसूनच राहतात.

शेवंती | १८ सप्टेंबर, रात्री १०.००

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काकूंना मांदेलीताईंच्या वडिलांची गोष्ट सांगितली, त्यांनी स्वतःच्याही गोळ्या मोजल्या. डॉक्टरांना फोन केला, मूत्रपिंडं ठीक आहेत. आईला प्रोटीन हा शब्द नको, ती 'तुमचं जिमचं' म्हणते. म्हणून मी काहीच न बोलता वरण घट्ट केलं. ऐरोलीचे बाबा, तुमचं शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

दहीकाला | १६ जानेवारी, सकाळी ८.३०

तीळगूळ घ्या, गोड बोला. धागा वर काढतोय. शेवंतीताई, आई कशा आहेत? आमच्याकडची खबर अशी की माझी मुलगी ऐरोलीच्या बाबांच्या मुलाकडून सलग सहा डाव हरली आहे आणि दर शनिवारी पुन्हा जाते.

शेवंती | १६ जानेवारी, रात्री ९.५०

अहो, मीच लिहिणार होते. पहिला महिना काहीच होत नाहीये असं तिला वाटायचं, पाचाच्या जागी तीनदा उठून चिडायची. दिवाळीच्या आसपास खुर्चीचे हात धरणं सुटलं. डिसेंबरात सावंतवाडीच्या मावशी आल्या, त्यांच्याबरोबर आई चेंदणी कोळीवाड्यापर्यंत चालत जाऊन आली. उजवी पोटरी अजून डावीपेक्षा बारीक आहे, मी दर महिन्याला टेपने मोजते. लटलट मात्र थांबलीय.

परवा संक्रांतीला ती पाटावर बसून सुगडांची पूजा करत होती. मी हात द्यायला पुढे गेले तोवर ती एक गुडघा टेकून स्वतःच उभी राहिली होती. मला म्हणाली, उपासाच्या खिचडीत हल्ली साबुदाण्यापेक्षा दाणेच जास्त असतात, तुझा हात सढळ झालाय की मला काही सांगायचं राहिलंय?